ठकूबाईच्या दुधाची सरळ रेषा

"आरं, पान्याला मैलभर जाती मी. ते काय तुझ्या दुधात वतायला? घागरभर मिळालं तर आदी म्हशीला पाजीन!"

ठकूबाई फळ्यासमोर उभी राहून बोलत होती. फळ्यावर दोनदा तिचं नाव होतं, पुढे 'पाणी' असा शेरा. दोन्ही वेळा मीच लिहिलेलं. बाहत्तरच्या दुष्काळातली थंडी होती. संगमनेरजवळच्या एका गावात मी दूध सोसायटीचा टेस्टर होतो. भेसळीविरुद्ध पत्रकं वाचत आणि वाटत मोठा झालेलो, त्यामुळे दोनच दिवसांपूर्वी लावलेला तो फळा माझीच कल्पना. तीनदा नाव लागलं की दूध बंद, सोसायटीची पेंडही बंद. पेंड बंद झाली की ठकूबाईची म्हैस बाजारात जाणार, हे सगळ्यांना कळत होतं.

तपासणी लॅक्टोमीटरनं व्हायची. ही काचेची पोकळ नळी, खाली जड फुगा. दूध घट्ट असेल तर ती वर तरंगते आणि मोठा आकडा दाखवते. पाणी घातलं की खाली बुडते, आकडा उतरतो. आमची मर्यादा २८. ठकूबाईचं दूध रोज २७.

"म्हस हितं आनती. तुझ्या डोळ्यांदेखत पिळती," ती म्हणाली.

तिचा गोठा केंद्राच्या मागेच होता. म्हैस आली. गाव जमलं. धार निघाली, फेस बसू दिला, नळी सोडली. सत्तावीस!

"आता म्हशीच्या नावाचा शेरा मारा, सायेब!" मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. मी कानापर्यंत लाल झालो.

भांडं तसंच राहू दिलं. थोड्या वेळानं सहज नळी सोडली, तर अठ्ठावीस. दूध तेच. बदललं काय होतं? हात लावला, तेव्हा कळलं. खोक्यातून कधीच न काढलेला थर्मामीटर शोधला आणि दूध निवत गेलं तसा त्याचा ताप, म्हणजे तापमान, आणि आकडा लिहीत गेलो:

ताप ३७, आकडा २७
ताप ३२, आकडा २८
ताप २७, आकडा २९
ताप २२, आकडा ३०

ताप दर वेळी पाचनं कमी, आकडा दर वेळी एकानं जास्त. म्हणजे आलेखावर सरळ रेषा. तापाला क्ष, आकड्याला य म्हणा. एका अंशामागे आकडा ०.२ नं उतरतो, हा रेषेचा उतार. शून्य अंशाला आकडा किती असता, ते काढलं: ३७ ला ०.२ नं गुणलं की ७.४. त्यात २७ मिळवले की ३४.४. समीकरण झालं: य = ३४.४ − ०.२क्ष. ३२ घालून पाहिलं, २८ आले. जमलं!

मग नळीवरची बारीक अक्षरं वाचली. नळी २७ अंशांच्या दुधासाठी होती. दूरच्या वस्त्यांवरचं दूध सायकलीवर निवून यायचं. ठकूबाईचं धारोष्ण. सगळ्यांत ताजं दूध मी खोटं ठरवत होतो.

मी भिंतीवर कागद लावला: ताप सत्तावीसच्या वर असेल तर दर पाच अंशांना आकड्यात एक मिळवा, खाली असेल तर एक वजा करा. तिची दोन्ही नावं पुसली.

चेअरमन आण्णा कुरकुरले. "शाळेतली गणितं हितं कशाला?"

"ठकूबाईला लागू, तर सगळ्यांना लागू, आण्णा."

"लागू कर की. मी कुठं न्हाई म्हनतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या वस्तीवरून कॅन आला. नळी अठ्ठावीस.

"पास!" आण्णा म्हणाले.

मी थर्मामीटर घातला. बावीस. पाच अंश खाली, एक वजा. सत्तावीस.

रांगेतून ठकूबाईचा आवाज आला.

"आण्णा, तुमच्या वस्तीवर पानी लई दिसतंय. आमास्नी बी द्या की घागरभर!"

आधी रांग हसली, मग आण्णाही. त्यांनीच खडू उचलला, फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि घरी जाऊन गड्यावर ओरडले. त्यानंतर त्यांच्या कॅननं बावीस अंशांना तीसच्या खाली कधी आकडा दाखवला नाही.

नियम मोडणाऱ्यापेक्षा तो अर्धा वाचून राबवणारा जास्त नुकसान करतो. मी नळीवरची अक्षरं महिनाभर वाचली नव्हती. ठकूबाईला वाचता येत नव्हतं, पण पुढं रोज भांडं ठेवताना ती बजावायची, "आदी ताप बघ, मग बोल."