आमच्याच घरावर धूर

माझ्या मोबाइलमध्ये मस्कतचा एक फोटो आहे. मागे समुद्र, पांढऱ्या इमारतींची रांग, आणि कठड्याला टेकून हसणारा मी. दुकानात गिऱ्हाइकाला जळलेल्या पंपाच्या मोटारीचा फोटो दाखवता दाखवता बोट जास्त सरकतं आणि हा समोर येतो. मग गिऱ्हाईक विचारतं, फॉरेनला गेलते काय? मी हो म्हणतो. फिरायला काय? त्यालाही हो म्हणतो, आणि ते खोटं नाही. शुक्रवार आणि शनिवार मी त्या शहरात एकटा, रिकामा, कसलंही काम नसताना फिरलो. त्या वेळी माझा धाकटा भाऊ त्याच शहरात एका दवाखान्याच्या शवागारात होता. फोटो मी आईसाठी काढला होता.

आमच्या गावाजवळ जैनथला माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. आम्ही दोघं भाऊ एकाच उस्तादाकडे शिकलो, पण हात त्याचा साफ होता. माझी गुंडाळलेली मोटार चालायची, त्याची टिकायची. तो मस्कतला इलेक्ट्रिशियन म्हणून गेला आणि मी दुकानावर राहिलो. एके सकाळी त्याच्या खोलीतल्या सोबत्याचा फोन आला. हा निर्मल गावाकडचा तेलुगू पोरगा, मला अन्ना म्हणायचा. त्याने तेलुगूतच सांगितलं की ड्यूटीवरून येऊन झोपला तो सकाळी उठलाच नाही, डॉक्टर म्हणतात हृदय बंद पडलं. मी तार अर्धी गुंडाळलेली मोटार तशीच टेबलावर सोडली आणि शटर ओढलं.

घरी बायकोला सांगितलं, शेजारच्या मावशीला सांगितलं, आणि आईला मात्र सांगायचं नाही असं ठरलं. याला कारण होतं. आमच्या गल्लीत कुणाची मयत झाली की प्रेत उचलेपर्यंत कुणाच्याही घरी चूल पेटत नाही. ज्याच्या घरी गेलं त्याच्या घरी तर त्यानंतरही पेटत नाही; शेजारचे रांधून आणतात, त्याला आम्ही कडू घास म्हणतो. गावातलं मरण असलं तर हा सगळा अर्ध्या दिवसाचा मामला असतो. परदेशातलं प्रेत यायला किती दिवस लागतील हे कोण सांगणार? आईला शुगर आहे, गोळी घेऊन जेवली नाही तर तिला भोवळ येते. आणि पोराचं प्रेत घरी आल्याशिवाय ती एक घास खाणार नाही, हे आम्हाला सूर्य उगवतो तितकं पक्कं माहीत होतं.

म्हणून मी आईला सांगितलं की तो शिडीवरून पडला, पाय मोडला, ऑपरेशन झालंय, आणि मी त्याला पाहायला चाललो. कधीतरी मीही तिकडं जाईन म्हणून काढलेला पासपोर्ट ट्रंकेत पडला होता, तो असा कामी आला. व्हिसा हातात येईपर्यंत आईने ज्वारीच्या भाकरी कडक वाळवल्या, तिळाची चटणी कुटली, आणि सगळं फडक्यात बांधून दिलं. तिकडच्या दवाखान्यातलं त्याला जाणार नाही, म्हणाली. मेलेल्या माणसाचा डबा घेऊन मी इचोड्यावरून जाणाऱ्या हैदराबादच्या बसमध्ये बसलो. अख्ख्या रस्त्यात ते गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

मस्कतला पोचलो त्या दिवशी गुरुवार होता आणि दुपार कलली होती. कंपनीच्या ऑफिसातल्या माणसाने माझे कागद बघितले, पाणी दिलं, आणि हिंदीत सांगितलं की उद्या-परवा सुट्टी, प्रेत न्यायच्या कागदावर शिक्का रविवारी. इथे शुक्रवार-शनिवार बंद असतं. मी म्हटलं, अहो, माझा भाऊ आहे शवागारात. तो म्हणाला, हो, तो आहे, तो कुठं जात नाही. मग त्याला स्वतःलाच कसंतरी वाटलं असावं, कारण तो म्हणाला, "दो दिन घूमो फिरो भाई, अच्छा शहर है." मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण त्याचं चुकलं नव्हतं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

रुवी नावाच्या भागात एक खोली मिळाली. शुक्रवारी सकाळी तिथले रस्ते एकदम रिकामे होते. दुपारची नमाज झाली आणि कुठून कुठून माणसं निघून आली. मजुरांना आठवड्याची ही एकच सुट्टी, त्यामुळे फूटपाथवर, दुकानांच्या पायऱ्यांवर, झाडाच्या आळ्याच्या कडेला नुसती माणसं बसलेली. बंगाली, मल्याळी, आपले तेलुगू. कुणी काही करत नव्हतं. आमच्या बाजाराच्या दिवशी निदान कुणी काही विकतं, घेतं, भांडतं. इथे बसणं हाच कार्यक्रम होता. भाऊ दर शुक्रवारी फोनवर सांगायचा, आज दर्यावर गेलो होतो, हवा मस्त होती. त्याचा कठड्याला टेकलेला फोटो आमच्या घरात टीव्हीवर लावलेला आहे. मला भेटायला आलेल्या भावाच्या सोबत्याला मी विचारलं, ती जागा कुठाय? त्याने सांगितलं की अन्ना, तो एकदाच गेला होता, तो फोटो काढायला. सुट्टीला तो झोपायचा. मग मला बस दाखवून दिली आणि तोही झोपायला गेला. त्याला रात्रपाळी होती.

मी ती जागा शोधून काढली. समुद्राच्या कडेकडेने लांब रस्ता, एका बाजूला डोंगर, काळे आणि एकही झाड नसलेले. कठडा मिळाला. मी भावाच्या जागी उभा राहिलो आणि तेवढ्यात घरून व्हिडिओ कॉल आला. आई खाटेवर बसली होती, फोन बायकोने धरला होता. आईने भावाची चौकशी केली. मी म्हणालो, आत फोन नेऊ देत नाहीत, झोपलाय, डॉक्टर चांगले आहेत. मग आई म्हणाली, गाव कसं आहे ते तरी दाखव. मी फोन फिरवला. आईने आयुष्यात पैनगंगेपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "याचा तिकडला काठ दिसत नाई." मी हसलो. ती म्हणाली, असाच हसता हसता एक फोटो काढून पाठव, तो बरा झाला की त्याला दाखवते. रस्त्याने जाणाऱ्या एकाला विनंती करून मी तो काढून घेतला.

शनिवार त्याहून वाईट गेला, कारण तो चांगला गेला. सकाळी मासळीबाजार पाहिला. माझ्या उंचीचा मासा दोन माणसं ओढत नेत होती. जुन्या बाजारात धूपाचा वास होता, गल्ल्या वर झाकलेल्या, आत गारवा. एका म्हाताऱ्या दुकानदाराने बोलावून खजूर खायला दिला आणि काही घेतलं नाही तरी रागावला नाही. पुढे एका टपरीवर दाट चहा घेतला आणि समुद्राकडे तोंड करून बसलो. गलबतं येत-जात होती. ऊन कोवळं होतं. मला बरं वाटलं. जैनथला पंधरा-पंधरा दिवस मला असं बसायला मिळत नाही. चहा अर्धा झाल्यावर आठवलं की मी इथे कशाला आलोय. मला माझीच इतकी शिसारी आली की उरलेला चहा ओतून दिला. आता वाटतं, प्यायला हवा होता. ओतून त्याचं काय भलं झालं?

संध्याकाळी पुन्हा त्याच कठड्याशी आलो, कारण दुसरी ओळखीची जागा नव्हती. फोन आला. या वेळी फोन आईच्याच हातात होता, त्यामुळे तिचं अर्धं कपाळ आणि वरचे पत्रे एवढंच दिसत होतं. सून कुठंय विचारलं तर म्हणाली, तिला पाणी आणायला धाडलंय. मग तिने दुसऱ्याच गोष्टीला हात घातला.

आमच्याकडे गॅस सगळ्यांकडे आहे, पण भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच. सकाळी गल्लीवर धुराचा थर असतो. गेले काही दिवस आईला तो धूर दिसत नव्हता. कारण आम्ही तिच्यापासून मरण लपवलं होतं, गल्लीपासून नाही. मावशीने ज्या दिवशी ऐकलं त्या दिवसापासून चूल पेटवली नव्हती. तिच्या हातचं खाऊन भाऊ वाढला होता, तिच्याने होईना. तिचं बघून समोरच्यांनी नाही पेटवली, मग पलीकडच्यांनी. कुणी ठरवलं नव्हतं. शेतातल्या खोपीत रांधून खायचे, लेकरांसाठी जैनथहून हॉटेलातलं आणायचे. फक्त आमच्या घरी चूल पेटत होती, आईला जेवायला घालायचं म्हणून. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि आम्ही तर कोंबडं झाकून अंगणात उजेड करून ठेवला होता.

आईने बायांना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की कापूस फुटलाय, शेतात सीतादही आहे, जेवण तिकडेच. पहिल्या वेचणीआधी आम्ही शेतात दहीभाताचा निवद दाखवतो, ते सीतादही. आई मला म्हणाली, "साऱ्या गल्लीचं सीतादही एकाच दिवशी? आन् मंग रोज रोज?"

मी म्हणालो, असेल काहीतरी. ती ऐकत नव्हती.

"मी दारोदार जाऊन आली. म्हातारे, आजारी, बाळंतीन, सारे पाहिले. सारे हायेत. गल्लीतले दोघंच नाईत. एक तू. तू तर मले दिसून राह्यला."

समुद्रावर दिवे लागत होते. मी फोन कानाला लावला, चेहरा दिसू नये म्हणून. तेवढ्याने तिला कळायचं ते कळलं. ती रडली नाही. म्हणाली, "मले काऊन जेवू घातलं रे? मी जेवली. सकाळ-संध्याकाळ जेवली. तो तिथं पडून हाय आन् मी भाकर खाल्ली."

मी म्हणालो, आई, तुझी शुगर. याहून हलकं वाक्य मी जन्मात बोललो नसेन. ती म्हणाली, "कधी आनतं त्याले?" मी सांगितलं, उद्या शिक्का होईल, मग विमान. मग तिने विचारलं, भाकरी आहेत का अजून? गाठोडं खोलीत तसंच होतं. "त्या तू खाय. तू बाहेरगावी हाय, तुले चालते." आणि फोन ठेवला.

पुढचं मला बायकोने सांगितलं. ती पाण्याचा हंडा घेऊन आली तेव्हा आई चुलीपुढे बसली होती. चुलीत सकाळचा विस्तव होता. आईने हंड्यातलं तांब्याभर पाणी त्यावर ओतलं, राख भरून बाहेर टाकली, आणि पदर डोक्यावर घेऊन गल्लीत गेली. प्रत्येक दारात तिचं तेच बोलणं होतं. तिथल्या बायांनी ते बायकोला सांगितलं, बायकोने मला: "त्याची माय जेवून बसली, आता तुमी कोनासाठी उपाशी? चुली पेटवा. लेकरायले रांधा. आन् मले घास आना, माह्या घरची चूल आता पेटत नाई." मावशी तेवढी रडायला लागली तर आई तिच्यावर रागावली. आधी पेटव, म्हणाली, मग रड.

मी त्या संध्याकाळी खोलीवर जाऊन गाठोडं सोडलं. भाकरी पाण्यात भिजवून चटणीशी खाल्ल्या. सोबती ड्यूटीवर जायच्या आधी आला होता, त्यालाही दिल्या. त्याने एक तुकडा कागदात बांधून खिशात ठेवला. कशाला, ते मी विचारलं नाही.

रविवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. बायकोने एक फोटो पाठवला होता. समोरच्यांच्या गच्चीवरून काढलेला असावा. सगळ्या घरांच्या पत्र्यांवरून धूर निघत होता, सरळ वर, वारा नसावा. आमच्या पत्र्यावर काही नव्हतं. खाली ओट्यावर आई बसली होती, आणि मावशी तिच्यासमोर ताट धरून उभी होती.

आईने तोंड उघडलं होतं. मी फोटो मोठा करून पाहिला. ती मावशीच्या हातून घास घेत होती. तेव्हा मी रडलो, त्या फाटकाशी, उभ्या उभ्या. मग फाटक उघडलं, आतून कुणीतरी माझ्या भावाचं नाव पुकारलं आणि मी हो म्हणून आत गेलो.