रुमालाखालचा हात

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा एकमेकांचा उजवा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव कळवतात. भोवती कितीही माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. आता पैसे मोबाईलवरून येतात, पण रुमाल काही गेला नाही. ही रीत मला लहानपणापासून माहीत होती. तिच्यापायी आमचं कधी अडेल असं मात्र वाटलं नव्हतं.

आमच्या मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, उजवा हात गेल्या वर्षी कडबाकुट्टीच्या यंत्रात सापडला. अंगठा आणि करंगळी राहिली, मधली तिन्ही बोटं गेली. टाके निघाल्यापासून तो हात एकतर खिशात, नाहीतर उपरण्यात गुंडाळलेला. जेवायचं डाव्या हातानं, तेही भिंतीकडं तोंड करून. बायको असून मी तो हात नीट पाहिला नव्हता. एकदा चिडून विचारलं, "मी काय परकी हाय का?" तर ताटावरून उठून गेले.

औताची मूठ धरवेना, कासरा आवरेना. दावणीला जोडी नुसती उभी. एकाच गाईचे, पण पाच-सहा वर्षांच्या अंतरानं झालेले दोन गोऱ्हे, लाल कंधारी जातीचे, घरीच वाढलेले. थोरला आता उतरणीला लागलेला, धाकटा ऐन भरातला. बाजारात धाकट्यावर उड्या पडणार आणि थोरल्याला कुणी हुंगणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. एकट्या म्हाताऱ्या बैलाला कोणता शेतकरी नेतो? मालकांनी मनाशी गाठ मारली होती. "इकायची. पर जोडी फोडायची न्हाई, आन दारात औत असलेल्यालाच द्यायची."

बायका बैलबाजारात जात नाहीत. मी गेले, कारण दोन्ही कासरे त्यांना एकट्याला धरवणार नव्हते. पिकअपमध्ये जोडी चढवून आम्ही मांजरसुंब्याच्या पुढं बाजार गाठला.

पहिला आला तो एक व्यापारी. त्यानं दोघांचे दात पाहिले, धाकट्याच्या पाठीवर थाप मारली आणि रुमाल काढून हात पुढं केला. मालकांचा हात खिशातून निघेना.

"तोंडानं बोला," ते म्हणाले.

"ह्यो काय भाजीबाजार हाय का बे?" व्यापारी हसला.

"भाजी घेताना बी माणसं नीट बोलत्यात," मी म्हटलं. तो बाईच्या तोंडी लागला नाही. पण पुढं गेला आणि बोलत गेला, ह्यांना इकायचं न्हाई, बैल मिरवायला आणलेत. त्याच्यानंतरही दोघं-तिघं आले. सगळे रुमाल काढायचे आणि खिशातला हात बघून निघून जायचे.

ऊन डोक्यावर आलं. मी हळूच म्हटलं, "द्या की हात. रुमालाखाली कोण बघतंय?"

"बघत न्हाईत, पर चाचपत्यात की. हात दाखवून अवलक्षण कावून करून घेऊ?"

तेवढ्यात तोच व्यापारी परत आला. आता तो तोंडानं बोलायला तयार होता, पण नुसत्या धाकट्याचं. भाव चांगला सांगत होता. खरं सांगते, माझं मन डळमळलं. थोरल्याला घरी नेऊ, खाईल चार दिवस, असं मी म्हणूनही टाकलं. मालकांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पदर ओढून मागं सरले, आणि व्यापारी आपला निघून गेला.

मग घाटनांदूरकडचा एक शेतकरी आला. मिशा पिकलेल्या, चपलांना काळी माती. त्यानं दात नंतर पाहिले. आधी दोघांना जोडीनं चालवून आणायला सांगितलं आणि पायांकडं बघत राहिला.

"डावीकडं कोन चालतो?"

"थोरला. त्याच्याबिगर धाकटा सरीत न्हाई चालत."

"मग दोगं बी लागतील," असं म्हणून त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला.

मला वाटलं, हाही गेला. मालक उभे होते. थोरल्यानं मान वळवून त्यांची बाही चाटली. आणि त्यांनी हात बाहेर काढला. क्षणभर तो उन्हात दिसला, तेवढ्यातच रुमालाखाली गेला.

त्या शेतकऱ्याचा चेहरा मी पाहत होते. त्याची बोटं आत बोटं शोधत होती. मग ती थांबली. त्यानं हात मागं घेतला नाही, उलट दुसराही हात रुमालाखाली घातला.

"भाव तोंडानं सांगा दादा," तो म्हणाला. "हात भरवशापुरता राहू द्या."

मालकांनी भर बाजारात भाव बोलून दाखवला. थोडं खालीवर झालं, ठरलं. ठरेपर्यंत त्यानं तो हात सोडला नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी राग आला. वर्षभर जो हात माझ्यापासून लपवला, तो या अनोळखी माणसानं दोन्ही हातांत धरला होता.

विकल्या बैलाबरोबर आपलं दावं द्यायचं नसतं. दिलं तर दावण रिकामी राहते म्हणतात. शेतकऱ्यानं नवी दावी आणली होती, आमची सोडायची राहिली. थोरल्याची गाठ घट्ट आवळलेली. मालक डाव्या हातानं झटत होते, सुटेना. मी पुढं झाले. वाटलं, तोंड फिरवतील. त्यांनी अंगठ्यात आणि करंगळीत गाठ धरली आणि म्हणाले, "वढ." मी ओढली. गाठीवर माझी बोटं त्यांच्या हाताला लागत होती. हात मागं गेला नाही.

शेतकऱ्याच्या टेम्पोत थोरला आधी चढला. धाकट्याला ओढावं लागलं नाही, तो त्याच्या मागं आपसूक गेला.

टेम्पो हलला तसं मालकांना रडू आवरेना. एवढ्या माणसांत उभं राहून त्यांनी डोळे पुसले, ते उजव्या हातानं.