कोठीतला पेला

अंबाजोगाईचे जलालुद्दीन मणियार बांगड्यांची भट्टी चालवत. निजामाच्या राज्यातला तो काळ. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ यायला अजून दोन वर्षं होती. त्यांच्या हातची हिरवी बांगडी पार घाटनांदूरच्या नवऱ्या मुलींच्या हातात असे.

सुंदरराव देशमुखांकडे दारूचे सहा विलायती पेले होते. त्यातला एक फुटला. पेल्याच्या दांड्यात, काचेच्या आतून, पांढऱ्या दोऱ्याचा पीळ चढत गेलेला. हैदराबादचे कारागीर म्हणाले, हे इथं होणार नाही. जलालुद्दीन ते तुकडे पदरात घेतल्यासारखे घरी घेऊन आले.

वर्षभर त्यांना दुसरं सुचलं नाही. शेवटी उमगलं. मातीच्या साच्यात कडेनं पांढऱ्या काचेच्या काड्या उभ्या करायच्या, मधे स्वच्छ काचेचा रस ओतायचा, तो गोळा पुन्हा तापवून ओढायचा आणि ओढता ओढता पिळायचा. वरची वाटी नळीनं फुंकायची.

"पिनार देशमुख, अन भाजून घेनार आमचे मियाँ," त्यांची बायको हजराबी म्हणायची. पण नवऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. हा पेला गेला तर दुसरा होणार नाही, हे तिलाही माहीत होतं.

पेला झाला. जाड काच चार दिवस ऊबदार राखेत निवावी लागते, नाहीतर तडकते. भट्टीमागच्या कोठीत पेला ठेवला, शेजारी हिरव्या बांगड्या, आणि कोठीचं तोंड मातीनं लिंपलं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी माझे आजोबा धोंडीराम दारात आले. मागे माझी आत्या छबू, नवरीच्या लुगड्यात, हात मोकळे. वऱ्हाडाची गाडी उलटून चुडा फुटला होता. लगनसराईत गावात हिरवी बांगडी उरली नव्हती.

"चाचा, उघड्या हातानं पोरीला मांडवात कशी नेऊ?"

"बांगड्या हायेत. कोठीत हायेत."

"उघडू नका," हजराबी म्हणाली. "तीन दिस ऱ्हायलेत."

"लगन थांबतंय का, बीबी?"

असं म्हणून जलालुद्दीननी लिंपण फोडलं. वारा आत गेला. पातळ बांगड्या निभावल्या. आत्याचा हात हातात घेऊन ते एकेक चढवत होते, तेव्हा कोठीत बारीक आवाज झाला. त्यांनी मान वळवली नाही.

"हात सैल सोड, बेटी," एवढंच म्हणाले.

मानमोडीत आत्याचा नवरा गेला. तिचे हात पुन्हा मोकळे झाले.

पुढे आई आजारी म्हणून आत्याच माझ्या बहिणीला बांगड्या भरायला घेऊन गेली. जलालुद्दीनना आता दिसत नव्हतं. त्यांच्या पेटीत पिळाचा एक तुटका दांडा होता.

"हे काय हाय, चाचा?" आत्यानं विचारलं.

"काच हाय. हात दे, बेटी."

पोरीचा हात म्हणून त्यांनी आत्याचाच धरला. बोटं त्या ओळखीच्या, मोकळ्या मनगटावरून फिरली आणि तिथंच थांबली. मग त्यांनी पेटी हजराबीकडे सरकवली. त्या दिवशी बांगड्या तिनं भरल्या.