'ए शकू' म्हणणारं माणूस

शकूकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका भिंतीला टोमणे मारत होत्या.

अहमदपूरच्या शाळेत मला नुकतीच नोकरी लागली होती आणि भाड्याची खोली शोधत मी त्यांच्या अंगणात उभी होते. अंगणाच्या मधोमध पुरुषभर उंचीची भिंत. तिच्याकडे तोंड करून, हात कमरेवर ठेवून काकू म्हणत होत्या, "काही लोकांचं वरण आज बी करपलं! वास साऱ्या गल्लीला कळला, करणारीला तेवढा न्हाई कळला!" भिंतीपलीकडून तितक्याच ठणठणीत आवाजात उत्तर आलं, पण ते मांजराला उद्देशून. "मने, चल घरात. काही लोकांना सकाळधरनं नाक वर करून उभं राहायचंच काम हाय."

काकू वळल्या, मला पाहिलं आणि काहीच घडलं नसल्यासारख्या म्हणाल्या, "या बाई. खोली वर हाय. हवा लई हाय, पण आवाज बी हाय."

पलीकडचा आवाज त्यांच्या थोरल्या जाऊबाईंचा, सुभद्राआक्कांचा होता. दोघींच्या नवऱ्यांचं, म्हणजे दोन भावांचं, मिळून भांड्यांचं दुकान होतं. त्यात तंटा झाला, दुकान वाटलं गेलं, मागोमाग घर वाटलं गेलं आणि अंगणात भिंत उभी राहिली. गंमत अशी, की भाऊ दोन वर्षांत पुन्हा बोलायला लागले. बसस्थानकाजवळच्या हॉटेलात एका टेबलावर चहा प्यायचे आणि वेगवेगळ्या वाटांनी घरी यायचे. अबोला नेटानं सांभाळला तो जावांनीच. पुढे दोघेही भाऊ गेले. काकूंचा मुलगा पुण्यात, आक्कांचा हैदराबादला. दोन घरांत दोन बायका उरल्या आणि मधे भिंत.

माझी खोली वरच्या मजल्यावर असल्यामुळे मला दोन्ही अंगणं दिसत. एकीकडे काकू ज्वारी पाखडतायत, दुसरीकडे आक्का शेंगा फोडतायत. एकीनं गुणगुणणं थांबवलं की दुसरीचे हात थबकत. एकदा मी काकूंना विचारलं, "इतका राग आहे, तर मग रोज बोलता कशाला?"

"बोलतो कुठं?" काकू डोळे मोठे करून म्हणाल्या. "आमचं बोलणं बंद हाय."

काकूंचा स्वभाव मुळात मायाळू होता, पण त्या माया कधी सरळ दाखवत नसत. मला ताप आला तेव्हा त्या पेज घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "जास्त झाली होती, फेकायची जिवावर आली." पेज चांगली वाफाळत होती. शाळेत माझं काही बिनसलं की न विचारता त्यांना कळायचं. मग त्या समोर मेथीची जुडी टाकायच्या. "निवडा. हाताला काम दिलं की डोकं जागेवर येतंय." तेव्हा मी तिशीत होते. मला नवी गावं, नवी माणसं, नव्या ओळखी यांची ओढ होती. त्याच त्या माणसाशी वर्षानुवर्षं तेच ते भांडत राहण्यात काय असतं, हे मला कळण्यासारखं नव्हतं.

एका सकाळी मी शाळेला निघाले होते. काकू भिंतीजवळ उभ्या होत्या, पण त्यांचा चेहरा नेहमीचा नव्हता.

"बाई, मी दोनदा बोलले. वरणाचं बोलले, मांजराचं बोलले. उत्तर न्हाई."

"झोपल्या असतील."

"या येळेला? ती?"

आम्ही रस्त्यानं वळसा घालून गेलो. दाराला आतून कडी. काकूंनी दोन हाका मारल्या. त्या 'आक्का' अशा होत्या. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मग त्या तशाच परत आल्या, अंगणातला दगडी पाटा भिंतीला उभा लावला, लुगडं खोचलं आणि मी नको नको म्हणेपर्यंत साठी ओलांडलेल्या त्या बाई भिंतीवर चढून पलीकडे उतरल्यासुद्धा. त्यांच्यामागून मी.

आक्का न्हाणीच्या दाराशी पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. चेहरा पांढरा पडला होता, पण शुद्ध होती. काकूंना पाहून त्या म्हणाल्या, "आलीस? लई येळ लावलीस."

"मग हाक मारायची न्हाई व्हय?"

"कशी मारू? बोलणं बंद हाय न्हवं आपलं."

काकू खाली बसल्या आणि आक्कांचं डोकं मांडीवर घेतलं.

शेजाऱ्यांची जीप मिळाली. लातूरच्या दवाखान्यापर्यंत रस्ताभर आक्का ग्लानीत जात होत्या आणि काकू एकसारख्या बोलत होत्या. मला वाटलं होतं त्या धीर देतील, देवाचं नाव घेतील. त्या जुनी भांडणं उकरत होत्या.

"माझ्या लेकाच्या बारशाला तू पैठणी नेसून आलीस, मला खिजवायला."

आक्कांनी डोळे उघडले. "खोटं बोलू नको. इरकल होती ती."

"आन् दिवाळीला तू मला शिळ्या करंज्या दिल्यास."

"चकल्या होत्या! आन् ताज्या होत्या!"

मी मधे पडून म्हणाले, "काकू, निदान आज तरी भांडू नका." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शस्त्रक्रिया नीट पार पडली, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर टेकून त्या मला म्हणाल्या, "इरकल होती हे मला ठाव न्हवतं व्हय? पण चुकीचं काही बोललं की तिला राहवत न्हाई. जागी राहावी म्हून बोलून राहिले."

आक्का घरी आल्या. काकू भाकरी-भाजी झाकून, रस्त्यानं वळसा घालून दिवसातून अनेकदा जाऊ लागल्या. पावसाळ्यात गल्लीत चिखल झाला तेव्हा त्यांनी गवंड्याला बोलावलं आणि भिंतीत दार पाडायला सांगितलं. मुलाचा पुण्याहून फोन आला, "आई, बाबांनी बांधलेली भिंत आहे ती." काकू म्हणाल्या, "व्हय. आन् बांधून झाल्यावर जन्मभर चहा प्यायला भावालाच गाठायचे. त्यांची चूक मी कामून सांभाळू?"

आक्कांचं करणं सोपं नव्हतं. त्या चिडत, ताट परत पाठवत, चालायला उठवलं की रडत. काकू त्यांच्या बगलेत हात घालून त्यांना अंगणात फिरवत. "पाय उचल. जिवावर आल्यासारखी चालू नको." दोघी घामाघूम होईपर्यंत हे चाले. मग दोघी दारात बसून चहा पीत. त्यांच्या गप्पा मला वरून ऐकू येत. गेलेल्या सासऱ्यांचा खोकला, विहिरीवरची एखादी मैत्रीण, एका लग्नात कमी पडलेलं पुरण. त्यातलं एकही माणूस आता हयात नव्हतं आणि दोघी अशा हसत, की जणू सगळी मंडळी समोरच बसली आहे.

आक्का काठी घेऊन चालायला लागल्या तेव्हा त्यांचा मुलगा त्यांना न्यायला आला. चांगला, समंजस माणूस. तो काकूंसमोर हात जोडून म्हणाला, "काकू, तुम्ही खूप केलंत. पण तुमचंही वय झालं. तुम्हाला अजून किती त्रास देणार?"

काकू पदरानं हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे बघ बाळा, तुझी आई हाय, तुझा हक्क हाय. पण मी हे तिच्यासाठी करून राहिले असं समजू नको. मला समदे काकू म्हणत्यात, आई म्हणत्यात, आज्जी म्हणत्यात. 'ए शकू' म्हणून हाक मारणारं आता एकच माणूस राहिलंय. ते तू गाडीत घालून नेऊन राहिलास."

त्या एवढं सरळ बोललेल्या मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग आक्काच म्हणाल्या, "तुझ्याकडं मी सणाला येईन. ऱ्हायला न्हाई. तिथं समदे माझ्याशी लई चांगलं वागत्यात. माझं भांडायचं ऱ्हाऊन जातंय."

मुलगा हसला आणि रिकाम्या गाडीनं परत गेला.

पुढे माझी बदली नांदेडला झाली. निघताना काकूंनी मला लोणच्याची बरणी दिली, अर्थात "जागा अडवून बसली होती" म्हणून. मी म्हणाले, तिकडे नवं घर आहे, शेजारी कसे मिळतात कोण जाणे. तेव्हा त्या म्हणाल्या, "नवी माणसं मिळतील की. पण आपल्याला लहान बघितलेलं माणूस बाजारात मिळत न्हाई बाई. हाय ते जपा. चिडलं तरी जपा." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर तो शब्द मला पन्नाशी गाठल्यावर समजला. आईवडील गेले, थोरली बहीण गेली आणि परकरातली मी कशी दिसत होते हे सांगू शकणारं घरात कोणी उरलं नाही, तेव्हा.

गेल्या वर्षी काकू गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. निरोप मिळाला तशी मी पहिली बस पकडली. अंगण माणसांनी भरलं होतं. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे काकूंना आंघोळ घालून बसवायची तयारी चालली होती. सुना, पुतण्या, गल्लीतल्या बायका लगबगीत होत्या. आक्का खुर्चीवर काठी धरून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. त्यांना आता कमी दिसायचं, म्हणून कोणी त्यांना काही विचारतही नव्हतं.

काकूंच्या सुनेनं त्यांचे पांढरे केस विंचरले आणि मधोमध भांग पाडायला सुरुवात केली.

"थांब," आक्का म्हणाल्या. "फणी मला दे."

दोघींनी त्यांना धरून काकूंजवळ नेलं. आक्कांनी डाव्या हातानं काकूंची हनुवटी धरली, बोटांनी चाचपून कपाळ शोधलं आणि डावीकडून वाकडा भांग पाडला. एकदा जमला नाही, केस मोडून पुन्हा पाडला.

"लगीन होऊन आली तवा असाच भांग होता हिचा," त्या जमलेल्या बायकांना म्हणाल्या. "लई मिजाशीत पाडायची. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी मोडायला लावला. त्या राती माझ्या कुशीत तोंड घालून रडली होती."

मग त्यांनी पदराच्या टोकानं काकूंच्या कानामागचं पाणी टिपलं आणि सुनेला म्हणाल्या, "आता लावा भस्म. आता माझी शकू दिसून राहिली."