त्यांचं ऑपरेशन, दोघांचा निर्णय

खारघरच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांनी ड्रॉवरमधून काढलेली वस्तू माझ्या हातात दिली. दोन लांबट मऊ नळ्या, पाण्याची एक छोटी पिशवी आणि सुपारीएवढा पंप. "दाबून बघा, ताई," ते म्हणाले. मी दाबलं. नळ्या हळूहळू भरत गेल्या आणि ताठ झाल्या. खिडकीबाहेर धुरकट उन्हात डोंगर तरंगत होता आणि माझा नवरा त्या डोंगराकडेच बघत होता.

ते केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होते. बेचाळिसाव्या वर्षी साखर निघाली. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि नवीन पनवेलच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच उरलो. तोवर त्यांना जमेनासं झालं होतं. गोळ्या काही महिने चालल्या. इंजेक्शन दोनदा घेतलं, स्वतःला टोचणं जमेना, मग तेही सुटलं. त्यानंतर ते माझ्याजवळ बसेनासे झाले. मी कप द्यायला गेले की ते बशीची पलीकडची कड धरायचे. मला वाटलं, मी नकोशी झाले. ती दोन वर्षं मी अर्धवट झोपेत असल्यासारखी काढली.

शेवटी ते एकटेच या डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, बायकोला आणल्याशिवाय पुढचं बोलणार नाही. म्हणून मी तिथे होते.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. नळ्या लिंगात, पाण्याची पिशवी पोटात आणि पंप अंडकोषाजवळ कातडीखाली बसतो. एकदा बसवलं की मागे फिरता येत नाही, नैसर्गिक ताठरता उरलीसुरली असेल तीही जाते. जंतुसंसर्ग झाला तर सगळं काढावं लागतं. काही वर्षांनी यंत्र बिघडूही शकतं. "आणि यानं इच्छा वाढत नाही," ते म्हणाले. "स्पर्शाची जाणीव मात्र आहे तशीच राहते."

घरी आल्यावर मी म्हणाले, "अहो, माझ्यासाठी कशाला हे? मला काही कमी नाही."

मला वाटलं, मी त्यांचं ओझं उतरवलं. त्यांचा चेहरा पडला. आठवडाभर ते कामापुरतंच बोलले.

पुढच्या रविवारी म्हणाले, "चल, आपट्याला जाऊन येऊ." दुपार होती. पाताळगंगेचं पाणी इतकं संथ होतं की पलीकडची झाडं पाण्यातच उगवल्यासारखी दिसत होती. आम्ही खडकावर बसलो, मध्ये हातभर अंतर ठेवून.

"तुला काही कमी नाही म्हणालीस," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "मला आहे. तुझ्या खांद्यावर हात ठेवायची भीती वाटते मला. हात ठेवला की तुला पुढचं वाटेल, आणि मला ते जमणार नाही."

"म्हणून लांब बसत होतात?"

"मग कशासाठी?"

मला रडू आलं, आणि रडता रडता हसूही. किती साधी गोष्ट, आणि दोन वर्षं मी काय काय समजत बसले होते! मग मीही मनातलं विचारलं. "पंप दाबल्यावर तुम्हाला मी हवीशी वाटेन, की नुसतं यंत्र चालेल?"

"हवीशी तर तू आत्ताही आहेस," ते म्हणाले. मी सरकून त्यांना टेकून बसले. ऊन कलेपर्यंत आम्ही तसेच होतो. मध्येच माझा डोळा लागला.

ऑपरेशन लगेच होणार नव्हतं. डॉक्टरांना आधी तीन महिन्यांची सरासरी साखर खाली आलेली हवी होती. भात कमी झाला, आणि सकाळी कामोठ्यापर्यंत चालणं सुरू झालं. रस्ता मोकळा असला की ते माझा हात धरत. घरातही धरू लागले. मला वाटलं, आता हे सगळं बारगळेल.

साखर आटोक्यात आली तेव्हा मी विचारलं, "अजून हवंय?"

"आता जास्त हवंय," ते म्हणाले. "तेव्हा घाबरून करणार होतो. आता घाबरत नाही. नाही करायचं ठरलं तरी चालेल मला, पण मला करायचंय."

"मग करू या," मी म्हणाले. संमतीच्या कागदावर त्यांनी सही केली, शेजारी साक्षीदार म्हणून मी केली. शेजाऱ्यांना हर्नियाचं सांगितलं.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. सूज होती, नीट बसता येत नव्हतं आणि चिडचिड होती. "उगाच केलं," असंही एकदा म्हणाले. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी पंप वापरायला शिकवला. घरी पहिल्यांदा त्यांना पंप सापडेचना, आणि आम्ही दोघं पोट दुखेपर्यंत हसलो. तरुणपण परत आलं नाही. लांबी थोडी कमी झाली, याचं त्यांना काही दिवस वाईट वाटलं. पण जमलं. त्यानंतर ते गाढ झोपले. पडद्यातून दुपारचा पिवळा उजेड त्यांच्या पाठीवर पडला होता, खाली कोणीतरी रिक्षा सुरू करत होतं, आणि मी किती तरी वेळ नुसती बघत पडून राहिले.