दंडाच्या हाडावरून ठरवलेला नवरा

ऐंशीच्या दशकात मी चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. तो आजार पुढे बरा झाला. अंधेरीच्या एका कॉलेजात मी शरीररचना शिकवत असे. पोलिसांना कुठे हाडं सापडली की ती आमच्या सरांकडे यायची: माणसाची की जनावराची, बाई की पुरुष, वय किती. सर गावाला गेले होते, नेमकी तेव्हाच बोरिवलीला पाया खणताना निघालेली हाडं पोत्यातून माझ्या टेबलावर आली.

कवटी चेपलेली, आणि बाई की पुरुष हे ज्यावरून नक्की कळतं ते कमरेचं हाड नाहीच. शहाण्या माणसाने ते मिळेपर्यंत गप्प बसावं. पण शहाणं माणूस रजेवर होतं. मी दंडाचं हाड उचललं, त्यावरचे स्नायूंचे जाड कंगोरे पाहिले आणि लिहून टाकलं: पुरुष, पस्तीस-चाळिशीचा, अंगमेहनतीचा. खाली झोकदार सही.

हवालदार तेवढ्यावर गोराईच्या एका कोळणीला घेऊन आला. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी बोरिवलीला जातो म्हणून गेला, तो आलाच नव्हता. तिच्या फक्त डाव्या हातात चुडा होता. मला वाटलं, बिचारी अर्धी तयारी करूनच आलीय. उजव्या हातातला चुडा लग्नातच दर्याला वाहतात, नवऱ्याला सांभाळ म्हणून, हे मला हवालदाराने नंतर सांगितलं. एम.एस्सी.ला ते नव्हतं.

मी रिपोर्ट वाचून दाखवला. आवाज मुद्दाम जड केला होता, कबूल करते. डावा हातही आता रिकामा करायचा का, एवढंच तिला हवं होतं. पण आधी तिने विचारलं, पुरुष कशावरून? मी हाड दाखवून म्हटलं, बाईचा दंड असा नसतो.

तिने चोळीची बाही वर सरकवली. "बाय, ह्यो बघ माजा दंड. न्हानपनापासनं मावऱ्याची पाटी उचलतेय. आता तुजा दाखव."

माझा दंड मासळीची पाटी सोडाच, खडूपलीकडे काही उचलत नसे. मी तो दाखवला नाही. पुरी हाडं मिळेपर्यंत चुडा फोडणार नाही, असं बजावून ती गेली.

चार दिवसांनी कमरेचं हाड सापडलं, सरही परतले. त्यांनी हाडाच्या रुंद खाचेतून अंगठा फिरवला आणि माझा रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. बाई होती. त्या क्षणी मी नम्र झाले असं लिहिलं तर नातवंडांना बरं वाटेल. खरं म्हणजे मी आधी चूक टायपिस्टवर ढकलता येते का ते पाहिलं. रिपोर्ट माझ्याच सुवाच्य अक्षरात होता.

कोळणीला बोलावून सांगायचं काम सरांनी माझ्यावरच टाकलं. ती हरखून जाईल, वर मला आशीर्वाद देईल, अशी माझी अपेक्षा.

"म्हंजे अजून वाटच बगायची," ती म्हणाली. मग तिने विचारलं, त्या बाईला न्यायला कोण आलंय?

कोणीच आलं नव्हतं. हरवलेल्या बाईची तक्रारच कोणी केली नव्हती. कोळीण, त्या बाईचं कोणीतरी असावं तशी, जिन्याच्या पायरीवर बसली. मी शेजारी बसले.