पाचवा भाग आणि फणसाचा चीक

"मीपण वाचतेय हो वन्सं, दुसऱ्या भागात आलेय," असं वहिनीने फोनवर सांगितलं आणि माझ्या हातातला चहा तिथेच गार झाला. वाचतेय म्हणे! इतकी वर्षं तिला त्या पुस्तकांचं नाव धड सांगता येत नव्हतं.

ती पुस्तकं माझी आणि माझ्या भाचीची होती. भाऊ आणि वहिनी दोघंही मुंबईत नोकरीला, दोघांनाही पाळ्या, म्हणून पोर दुसरीपासून दहावीपर्यंत रत्नागिरीत माझ्याकडे राहिली. मी एकटी. इथल्या एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी, सुटले की घर. पहिला भाग मीच तिला आणून दिला होता. टाकून दिलेल्या राजकन्येची जुनीच गोष्ट, आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली, पण लेखिकेने ती पार उलटीपालटी करून समुद्रकाठी आणून ठेवली होती. राणीला शाप लागतो आणि आपल्याला मुलगी झाली होती हेच ती विसरते. पोर सापडते खाडीकाठी मीठ पिकवणाऱ्या एका बाईला. त्या पोरीने हाक मारली की येणारी भरती जागच्या जागी थांबते. दर भागात ती थोडी मोठी व्हायची, आणि आमचीही व्हायची.

चौथा भाग संपला तो भलत्याच ठिकाणी. राणीचा शाप सुटलेला, तिचं गलबत किनाऱ्याला लागलेलं, इकडे मिठागरात ती बाई उभी, आणि पोर मधोमध. ती कोणाकडे जाणार ते पाचव्या भागात. त्यावरून आमचे किती वाद झाले! म्हणजे वाद मीच घालायचे. माझं मत पक्कं होतं. जिने भरवलं, तापात उशाशी बसली, तिच्याकडेच जायला हवं की नको? राणीला शाप असेल नाहीतर आणखी काही असेल, आम्हाला काय त्याचं? भाची नुसती हसायची.

पाचवा भाग येईपर्यंत भाची कॉलेजसाठी मुंबईला आईवडिलांकडे गेली. आणि वहिनीला एकाएकी वाचनाचं वेड लागलं. सारखे फोन. "वन्सं, तो ओहोटी गिळणारा राक्षस खरंच वाईट आहे का हो?" मी म्हणायचे, "वाचा की पुढे, कळेल." फोन ठेवला की नुसता जळफळाट. अहो, ती पोरीची आई आहे, तिचा हक्कच आहे, हे मला कळत नव्हतं थोडंच! कळत होतं म्हणूनच जास्त जळत होते. माझा कसला हक्क? मी आत्या. आत्याने बारशाला नाव ठेवायचं आणि बाजूला व्हायचं.

मे महिन्यात दोघी आल्या, पाचवा भाग घेऊन. "आत्ये, तिघी मिळून वाचू हां," भाची म्हणाली. मला बरं वाटलं, पण ते 'तिघी' काही घशाखाली उतरेना.

आमच्या वाचनाची एक रीत होती. मी पडवीत फणस फोडून बसायचे, तळायला गरे काढायचे आणि भाची झोपाळ्यावर बसून मोठ्याने वाचायची. आता झोपाळ्यावर वहिनीही बसली, आणि वाचायलाही तीच लागली. वहिनी साताऱ्याकडची. आमच्या त्या खाडीकाठच्या मीठवाल्या बाईला तिने असा काही हेल दिला की बाईला थेट घाटावर नेऊन बसवलं. मी कपाळाला हात लावणार होते, पण हाताला तेल होतं. आणि भाची? ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून खिदळत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आठळ्या जरा जोरात टोपलीत टाकत राहिले.

असे तीन-चार दिवस गेले. राणीचं बोलून झालं, मीठवालीचं बोलून झालं, आणि शेवटची थोडी पानं उरली. त्या दुपारी पुस्तक भाचीकडे होतं. वहिनी झोपाळ्यावरून उतरून माझ्याशेजारी येऊन बसली. "वन्सं, तुम्ही एकट्याच राबताय. मीपण काढते गरे." आणि कोरडाच हात घातला तिने फणसात.

आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा हाताला खोबरेल चोपडल्याशिवाय फणसाला हात लावत नाही. तेलाची वाटी माझ्या गुडघ्याशीच होती. मी बघितलं, आणि मूग गिळून गप्प बसले. म्हटलं, होऊ दे चिकट. फार आलीय फणस फोडणारी!

भाची वाचत होती. पोरीने राणीकडे पाहिलं, मग मीठवालीकडे पाहिलं. एवढ्यात वहिनीला राहवेना. "थांब गं, शेवट मला वाचू दे," म्हणत तिने पुस्तक ओढूनच घेतलं. पान उलटायला गेली तर बोटं पानाला चिकटली. बोटं सोडवायला गेली तर शेवटची दोन पानं एकमेकांना चिकटली. ती ओढायला लागली.

"आई, ओढू नको, फाटेल!" भाची ओरडली.

"पाणी लाव, पाणी," वहिनी म्हणाली.

"पाण्याने जातो होय चीक?" मी म्हणाले. "द्या इकडे."

पुस्तक मांडीवर घेतलं. बोटाच्या टोकावर थेंबभर तेल घेऊन कडेकडेने पान सोडवत गेले. त्या दोघी माझ्या दोन्ही बाजूंना बसून श्वास रोखून बघत होत्या. आत काय आहे ते आता पहिल्यांदा मलाच दिसणार होतं. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. पान सुटलं. तेलाने मागची अक्षरं पुढे दिसायला लागली होती, म्हणून अडखळत, पण मोठ्याने मीच वाचलं.

पोरीने आधी राणीला मिठी मारली. मग मीठवालीला मारली. मग भरतीला हाक मारली, वाळूतली लहान होडी पाण्यात लोटली आणि एकटीच निघून गेली. पुढे कोरं पान.

"हे काय!" मी आणि वहिनी एकदमच ओरडलो.

"अहो, आईकडे तरी जायचं!" वहिनी म्हणाली.

"नाहीतर जिने वाढवलं तिच्याकडे तरी!" मी म्हणाले. "ही काय रीत झाली?"

इतक्या वर्षांत वहिनीचं आणि माझं एवढं कधी पटलं नव्हतं. लेखिकेला आम्ही यथेच्छ शिव्या घातल्या. भाची मात्र काढून ठेवलेला एक गरा उचलून शांतपणे खात बसली होती.

"तुला राग नाही आला गो?" मी विचारलं.

"आला होता ना. पहिल्यांदा वाचलं तेव्हा."

"पहिल्यांदा म्हणजे?"

तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आईकडे. "पुस्तक आलं त्या दिवशीच वाचलं मी, आत्ये. कॉलेजच्या जिन्यात बसून. तुम्ही दोघी चिडू नका, पण हा भाग मला एकटीलाच वाचायचा होता."

चीक लागलेले हात मांडीवर तसेच उताणे ठेवून वहिनी लेकीकडे बघत राहिली.

"कुठला गं जिना?" तिने विचारलं.

मलाही तेच विचारायचं होतं.